नंदिनीच्या नावाचं वचन

साकोली
६ जानेवारी २०२५

आत्या, सप्रेम सलाम.

तुझं पाकीट शनिवारी पोचलं. फोनवर बोलायचा हट्ट मी आता सोडून दिलाय. मागच्या खेपेला एवढी ओरडले की नाताळला आम्ही येणार नाही हे माझ्या दुकानाच्या दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना कळलं, फक्त तुलाच कळलं नाही. त्यापेक्षा पत्र बरं. तुझ्या कानांची परीक्षा नको आणि माझ्या घशाची पण नको.

एक तारखेला तुमसरच्या प्रार्थनामंदिरात शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्यांची थाळी फिरली असेल, तेव्हा मी इथे दुकानात कोणाचा तरी रहिवासी दाखल्याचा अर्ज भरत बसले होते. तू माझ्या नावाने चिठ्ठी उचलशील हे ठाऊक होतं. लग्न होऊन तेरा वर्षं झाली, एकदाही चुकली नाहीस. पण यंदाची चिठ्ठी उघडली आणि मी खुर्चीवरून उठून शटर अर्धं खाली ओढलं. समोर दोन माणसं रांगेत होती तरी. ज्या बाईच्या घरात लेकरू नाही, तिचं घर देव लेकरांनी भरतो, अशा अर्थाचं वचन, आणि तेही नेमकं माझ्या नावाने.

दत्तकासाठी नाव नोंदवून या महिन्यात चार वर्षं होतील. दिवसभर लोकांचे अर्ज भरते आणि मधूनमधून आमचाच क्रमांक उघडून पाहते. गोगलगाय तरी बरी. गेल्या वर्षी मी हेमराजना म्हटलं होतं, नाव काढून टाकू, आता रोज रोज आशा करायची ताकद नाही. तुला हे सांगितलं नव्हतं, आता सांगते. चिठ्ठी संगणकाच्या वरच भिंतीला चिकटवली आहे. हेमराज डेपोतून आले, वाचली आणि म्हणाले, "चिठ्ठीच होय ना नंदा, एवढी काहून रडून राहिली?" त्यांना काय कळतंय. बसच्या इंजिनाशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसतो?

तुझी,
नंदिनी


तुमसर
१९ जानेवारी २०२५

चि. नंदिनी, तुला आणि हेमराजला आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुला बरं वाटलं हे वाचून मलाही बरं वाटायला हवं होतं. वाटलं म्हण.

पण एक सांगते. चिठ्ठ्या मीच करते हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. वर्षभर आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापायच्या, नव्वद चिठ्ठ्या लिहायच्या, घड्या घालायच्या. तू आठवीत असताना घड्या तूच घालायचीस, आणि वाकड्या घालायचीस. त्यात गोड वचनं पुष्कळ असतात आणि कडू थोडी. पाळकसाहेब म्हणतात, बाई, वर्षाच्या पहिल्या दिवशी कडू कशाला. मी ऐकत नाही, कारण शास्त्रात दोन्ही आहेत. तरी शेवटी ती म्हातारीच्या हातची चिठ्ठी आहे. देव काही माझ्या थाळीत बांधलेला नाही. तेव्हा ती भिंतीवरून काढ आणि पवित्र शास्त्राच्या पानांत ठेव. भिंतीवर असली की माणूस उठल्याबसल्या तिच्याकडेच पाहतं.

इकडे शेजारच्या राइस मिलमधला कोंडा रोज अंगणात येतो आणि मी रोज खोकते. डॉक्टर म्हणतात, घर बदला. सत्तरीत कोण घर बदलतं?

तुझी आत्या,
शकुंतला


साकोली
२२ एप्रिल २०२५

आत्या, सलाम.

तीन महिने लिहिलं नाही, रागावू नकोस. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. क्रमांक फेब्रुवारीत थोडा हलला, मार्चमध्ये तिथेच, एप्रिलमध्ये तिथेच. हेमराजची मावशी रेवताबाई येऊन आठ दिवस राहून गेल्या. जाताना म्हणाल्या, "पोरी, आमच्या बाबाजीकडे एकडाव जाऊन पाय ना. तुह्या देवानं तर लय टाइम घेतला." मी हसले. त्या गेल्यावर मात्र भांडी घासताना रडले.

आता मुख्य गोष्ट. चार वर्षांपूर्वी आमच्या घराची पाहणी करायला आल्या होत्या त्या मेघाताई आठवतात ना? गेल्या सोमवारी त्यांचा फोन आला. मोठ्या मुलांची एक वेगळी यादी असते म्हणे, ज्यांना कोणी मागत नाही त्यांची. तिथे रांग नसते. त्या यादीत सात वर्षांची एक मुलगी आहे. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही अर्जात दोन वर्षांच्या आतलं लिहिलं आहे, मला ठाऊक आहे. तरी एकदा पाहा." फोटो पाहिला. बारीक अंगाची, पुढचा दात पडलेला, कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला कोणाकडे तरी पाहते आहे.

हेमराजनी तो फोटो किती वेळ पाहिला तुला सांगू? चहा निवून गेला. मग म्हणाले, "मले तर हे पोरगी आपलीच वाटून राहिली." दुसऱ्या दिवशी डेपोतून येताना बाजारातून लहान मुलीच्या चपला घेऊन आले. माप कोणाला ठाऊक? अंदाजानेच आणल्या.

आत्या, मी नाही म्हटलं. मेघाताईंना तसं कळवलं. मला वचन मिळालं आहे, आणि आमचा क्रमांक येतोच आहे. आता मध्येच दुसऱ्या यादीतून काही उचललं तर देवावर भरवसा नाही असंच झालं ना? देवाने शब्द दिल्यावर ज्यांना धीर धरवला नाही, ज्यांनी आपली सोय आपणच पाहिली, त्यांची काय गत झाली ते तूच आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवलंस. मी ती चूक करणार नाही. पण हेमराज तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. चपला कपाटावर ठेवल्या आहेत आणि तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

मी बरोबर केलं ना? एवढं लिहून पाठव.

नंदिनी


तुमसर
३ मे २०२५

चि. नंदिनी, आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं.

मेघाताईंना पुन्हा फोन कर. त्या मुलीला एकदा जाऊन भेट. भेटायला काय हरकत आहे? भेटलं म्हणजे घरी आणलंच पाहिजे असं नाही. आणि हेमराजचं ऐक. तो माणूस तेरा वर्षांत माझ्यासमोर दहा वाक्यं बोलला असेल, पण त्यातलं एकही खोटं निघालेलं नाही.

रविवारच्या शाळेत मी जे शिकवलं ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवलं. सगळंच त्यात मावत नाही. चिठ्ठीचं एवढं मनावर घेऊ नकोस.

उन्हाळा फार आहे. डोकं दुखतं, म्हणून एवढंच लिहिते.

आत्या


साकोली
१२ मे २०२५

आत्या,

तुझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं. हेमराजची मावशी बोलली तर मी समजू शकते, तिला आपलं ठाऊक नाही. पण तू? तीस वर्षं तू लोकांच्या हातात वचनं ठेवलीस. तुळसाबाईंचा मुलगा आजारी होता तेव्हा त्यांच्या नावाने निघालेल्या चिठ्ठीवर त्यांनी वर्ष काढलं, आणि तू कौतुकाने ते सगळ्यांना सांगायचीस. आता माझ्या वेळेला मनावर घेऊ नकोस?

तुझ्यासारखं स्थिर उभं राहणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तूच डगमगायला लागलीस तर मी कोणाकडे पाहू? मी फार थकले आहे गं. माझ्याजवळ ती एक चिठ्ठीच आहे. तेवढी तरी राहू दे.

नंदिनी


तुमसर
२० जून २०२५

नंदिनी,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही.

ते वचन तुझ्या नावाने निघालेलं नव्हतं.

एक तारखेला थाळी माझ्यापुढे आली. मी नेहमीसारखी आधी माझी उचलली, मग तुझ्या नावाने प्रार्थना करून हात घातला. उघडली तर कडव्यांतली निघाली. माझे विचार तुमच्यासारखे नाहीत, माझ्या वाटा तुमच्या वाटा नाहीत, अशा अर्थाचं वचन. मीच डिसेंबरात लिहिलेलं, माझंच अक्षर. मला वाटलं, देव तुला सरळ नाही म्हणतो आहे. चार वर्षं दारात उभ्या असलेल्या पोरीला हे पाकिटात घालून पाठवू? मला ते जमलं नाही. घडी घालून परत थाळीत टाकली. उरलेल्या चिठ्ठ्या दरवर्षी माझ्याच घरी येतात. घरी येऊन, चष्मा लावून, एकेक उघडून तुझ्यासाठी निवडली. उचलली नाही, नंदिनी. भाजी निवडावी तशी निवडली.

मला वाटलं, दिलासा तर आहे, शास्त्रातलंच आहे, कोणाचं काय बिघडेल? तू ती भिंतीला लावलीस असं कळलं तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली. मग तू त्या मुलीला नाही म्हटलंस, तेव्हा तर जीभ तोडून ठेवावीशी वाटली. तरी मी काय केलं? उन्हाचं नाव सांगून चार ओळींत पत्र संपवलं. मे महिन्यात तू मला स्थिर म्हणालीस. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आयुष्यभर मुलांना शिकवलं की देवाच्या आधी धावू नका. आणि धावले मीच.

तुझ्या नावाने निघालेली खरी चिठ्ठी त्या उरलेल्यांत कुठेतरी होती. ती शोधून सोबत पाठवते आहे. तिचा अर्थ मला लागत नाही. जानेवारीत मी तो नकार समजले, पण तेव्हा सात वर्षांच्या मुलीचा फोन आलेला नव्हता. आता वाचते तर वेगळीच वाटते. पण माझ्या वाचण्यावर तू आता विश्वास ठेवू नकोस. फक्त मेघाताईंना फोन कर. आजच कर.

क्षमा मागते. ती देणं न देणं तुझ्यावर आहे.

शकुंतला


साकोली
९ जुलै २०२५

शकुंतला आत्यांना हेमराजचा सलाम.

मले पत्र लिहाची सवय नाही. चुकलं तर समजून घेजा.

तुमचं पत्र २७ तारखेला आलं. नंदानं वाचलं आन् टेबलावर ठेवून देलं. मले म्हणे, वाचा. मी वाचलं. त्याच घडीले मी मेघाताईले फोन लावला. ताई म्हणे, भाऊ, तुम्हाले उशीर झाला. पोरगी मागच्याच हप्त्यात गेली. चांगले लोक आहेत म्हणे, दूरचे आहेत. नाव-गाव सांगता येत नाही म्हणे. मी म्हटलं, नोका सांगू.

नंदा उठली. भिंतीवरची चिठ्ठी काढली, तिथला रंग निघून आला. दुकान रोज उघडते, लोकायचे फारम भरते, घरी येते, झोपते. रविवारी मंडळीत प्रार्थनेले नाही येत, मी एकटाच जातो. आत्या, मी तुमच्यावर रागावलो नाही असं म्हणन तर खोटं होईल. पण तुम्ही वाईट मनानं नाही केलं, हे मले समजते. तिले आता पत्र लिहू नोका काही दिवस. तिचं तिले लिहू द्या.

चपला मी डेपोतल्या ताराचंदच्या पोरीले देऊन टाकल्या. तिले बरोबर आल्या.

हेमराज


तुमसर
३० सप्टेंबर २०२५

चि. हेमराज,

तुम्ही लिहू नका म्हणालात म्हणून तिला लिहिलं नाही. तुम्हाला लिहिते, तिला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पुढच्या वर्षापासून चिठ्ठ्या मी करणार नाही असं मी पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. नंदिनीचं नाव घेतलं नाही, पण मी काय केलं ते सांगितलं. काही लोक हसले, काहींनी मान फिरवली. मंडळीतली कामिनी म्हणाली, "बाई, मग माहीबी अशीच निवडून देली होती का?" मी म्हटलं, नाही, तुझी तू उचलली होतीस. तिने विश्वास ठेवला असेल की नाही, ठाऊक नाही. हे आता असंच चालणार.

खोकला वाढला आहे. दिवस कसेतरी निघतात. प्रार्थनेला बसते आणि शब्द सुचत नाहीत, नुसती बसून उठते. तुम्ही दोघं जेवता ना वेळेवर?

शकुंतला


साकोली
१ डिसेंबर २०२५

आत्या,

हेमराजनी तुझं पत्र तेव्हाच दाखवलं होतं. उत्तर द्यायला दोन महिने लागले. तुझा राग आला होता. थोडा अजून आहे, तो जाईल तेव्हा जाईल. पण तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस हे वाचलं आणि मला माझंही काहीतरी सांगायला हवं असं वाटलं. तुझ्यासारखंच मी पण इतके दिवस ते टाळत होते.

त्या मुलीला तुझ्या चिठ्ठीने नाही म्हटलेलं नाही. मी म्हटलं. मला बाळच हवं होतं. ज्याला आधीचं काही आठवत नाही, जे पहिल्यापासून मलाच आई म्हणेल असं. सात वर्षांच्या मुलीला सगळं आठवत असतं. मला तिची भीती वाटली, आत्या. ही भीती हेमराजना सांगायची लाज वाटली, तुला सांगायची पण लाज वाटली. मग चिठ्ठी होती. चिठ्ठीमागे लपलं की माणूस भित्रा दिसत नाही, विश्वासू दिसतो. खरी चिठ्ठी तू जानेवारीतच पाठवली असतीस तरी मी ती माझ्या सोयीनेच वाचली असती.

सप्टेंबरात मेघाताई आमच्या अर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायला आल्या होत्या. मी आपण होऊन त्या मुलीचं विचारलं. त्या म्हणाल्या, संस्थेत कोणीही पाहुणे आले की ती दारात येऊन विचारायची, "माझ्यासाठी आले का?" दोन वर्षं रोज. आत्या, मला या सगळ्या वर्षांत वाटत होतं की वाट फक्त मी पाहते आहे. देवाकडे माझीच एक फाईल पडली आहे. पलीकडे सात वर्षांचं एक लेकरू दारात उभं आहे, त्याचीही काही प्रार्थना असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तिची ऐकली गेली. माझ्या घरी नाही, दुसऱ्याच कोणाच्या घरी, पण ऐकली गेली. हे चांगलं आहे हे मला कळतं. अजून चांगलं वाटत मात्र नाही.

अर्जातली वयाची अट आम्ही बदलली. आठ वर्षांपर्यंत लिहिलं. हेमराज म्हणाले, "आता घाई नोको अन् उशीरबी नोको. जवा येईल तवा दार उघडं ठेवू." मी हो म्हटलं. फार उत्साहाने म्हटलं असं समजू नकोस. देवाची योजना, देवाची वेळ हे शब्द सध्या माझ्या तोंडात येत नाहीत. सकाळी उठते, दुकान उघडते, त्याच्याशी दोन शब्द बोलते. पूर्वी मागायची, आता सांगते. एवढंच जमतं.

गेल्या रविवारी पाच महिन्यांनी मंडळीत गेले. उपकारस्तुतीच्या आणि विनंत्यांच्या वेळी मी दर महिन्याला उभी राहून एकच विनंती सांगायची. लोकांना ती इतकी पाठ झाली आहे की मी उठले की आधीच माना खाली जातात. तशाच गेल्या. मी म्हटलं, एका सात वर्षांच्या मुलीला घर मिळालं, त्याबद्दल देवाचे आभार. कोण मुलगी, कुठली, कोणी विचारलं नाही. मी बसले, तर शेजारी हेमराज उभे राहिले. तेरा वर्षांत ते मंडळीत एकदाही बोललेले नाहीत. खिशातला रुमाल काढला, परत ठेवला, आणि म्हणाले, "तिले आता जे आईबाप भेटले, त्यायलेबी सांभाळजो, बापा."

त्यावर आमेन म्हणायला मला वेळ लागला. सगळ्यांचं म्हणून झालं होतं. मी मागून म्हटलं.

तुझी,
नंदिनी